बुडवलेली होडी

होडीला तडा गेलेला सगळ्यांत आधी मयुरीला दिसला, आणि ती काहीच बोलली नाही. मोहिनीला हेच विचित्र वाटलं. तिची ही लेक एरवी वरणात खडा लागला तरी घर डोक्यावर घेणारी, आणि आता तापीच्या ओल्या गाळात गुडघे रोवून बसली होती, हात होडीच्या पोटावर, अन् तोंडातून शब्द नाही. मोहिनीने वांग्यांची पाटी खाली ठेवली आणि जाऊन बघितलं. बसायच्या फळीखालून निघालेली भेग पार काठापर्यंत गेली होती. भगव्या रंगावर पांढरी रेघ, लांबूनही दिसेल अशी.

"पियुष," मयुरी म्हणाली, "इकडे ये जरा."

तिचा भाऊ पियुष पाण्यातून वर आला. त्याने भेगेवरून बोट फिरवलं, मग पुन्हा एकदा उलट फिरवलं, जणू दुसऱ्यांदा फिरवल्यावर ती नसणार होती. "कुणी केलं हे?" त्याने विचारलं.

कुणी केलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. बांधावर, निंबाच्या सावलीत मोहिनीचे सासरे लीलाधर आबा काठीवर हनुवटी टेकून बसले होते. "मीनं बुडवली," ते म्हणाले. "लाकडाचीच्या शेजारी." एवढं बोलून त्यांनी तोंड नदीकडे फिरवलं.

या घरात कार्तिकी पौर्णिमेआधी होडी बुडवायची रीत होती. उन्हाळाभर शेडमध्ये टांगलेलं लाकूड वाळतं, फळ्यांचे सांधे उघडतात. तशीच पाण्यात घातली तर चाळणी. म्हणून शर्यतीच्या आधी होडीत दगड भरून ती काठाच्या पाण्यात आठवडाभर बुडवून ठेवायची. लाकूड पाणी पितं, फुगतं, सांधे आपसूक मिटतात. मग एक दिवस धरून होडी वर काढायची, आणि त्या दिवशी नदीकाठच्या मळ्यात भरिताचं जेवण. आबांची थोरली बहीण, जिला सारं गाव अक्का म्हणायचं, ती त्यासाठी एरंडोलहून येई. आजचा दिवस तो होता. घोटाळा एवढाच झाला होता की यंदा घरात होड्या दोन होत्या, आणि त्यातली एक लाकडाची नव्हती.

"आबा," हितेंद्र म्हणाला. मोहिनीचा नवरा आवाज चढवणारा माणूस नव्हता. राग आला की उलट खाली जायचा त्याचा आवाज. "ती फायबरची होडी आहे. तिच्या आत फोम भरलेला असतो, बुडू नये म्हणून. ती बुडतच नाही."

"बुडत नव्हतीच. वर येत व्हती."

"मग?"

"मग अजून दगड टाकले."

"म्हणजे मुद्दाम..." हितेंद्र म्हणाला आणि थांबला. पण शब्द सुटला होता. आबांनी मान वळवून लेकाकडे एकदा बघितलं. आता ते काहीतरी बोलतील, असं मोहिनीला वाटलं. पण ते काठीची मूठ चाचपत बसले.

"बोला ना आबा," पियुष म्हणाला. पाडव्यानंतर तो आजोबांशी पहिल्यांदाच बोलत होता, आणि ते असं. "तुम्हाला नको होती ही होडी. तुम्ही म्हणाला होतात तसं सगळ्यांसमोर. झालं ना मनासारखं?"

"पियुष," मोहिनी म्हणाली.

"नाही मम्मी, एकदा होऊन जाऊ दे." पण तेवढंच म्हणून तो फणकाऱ्याने केळीच्या ओळींत निघून गेला, ओल्या पायांनीच.

धामणतीर गावची ही शर्यत कधीपासूनची, ते कुणाला सांगता येत नाही. धरणाआधी तापीला इथे भारी ओढ होती आणि पलीकडच्या देवीला नारळ न्यायचा तर होडीशिवाय इलाज नव्हता. त्यातून चढाओढ लागली असं आबा सांगत. एका होडीत दोघं, हातात वल्ही. जिंकणाऱ्याला मिळायचं काय, तर अर्धी वाटी खोबरं आणि वर एक काम. पहिली होडी घाटाच्या दगडाला लागली की तिने लगेच मागे वळायचं, आणि सगळ्यांत शेवटी रखडलेल्या होडीला सोबत करत आणायचं. ती घाटाला लागली की मग त्या दगडावर बसलेले आबा नारळ फोडायचे. तोवर कुणी जिंकलेलं नसायचं. मोहिनी लग्न होऊन आली तेव्हा तिला या गोष्टीचं हसू आलं होतं. जिंकलेल्याला शिक्षा कसली, असं तिने हितेंद्रला विचारलंही होतं.

पण खोबऱ्यासाठी पोरं किती दिवस थांबणार? कुणी सुरतेला गेलं, कुणी जळगावला पाइपाच्या कंपनीत, कुणी दीपनगरला ठेकेदाराकडे. एका वर्षी तर घाटावर चारच होड्या, आणि त्यातल्या दोन आबांच्या पिढीच्या. तेव्हा जळगावचे डाळमिलवाले पुखराजशेठ पुढे आले. या घरची तूर तीन पिढ्या त्यांच्याकडे जाते. त्यांनी पहिल्या होडीला लाखाचं बक्षीस लावलं, आणि काय सांगावं, घाट फुलला. सुरतेची पोरं रजा टाकून आली. धुळ्याहून, पार शिरपूरकडून जोड्या आल्या. दुसऱ्या वर्षी बायकांची वेगळी शर्यत झाली आणि मयुरीने वल्हं हातात घेतलं. मोहिनीचं सगळं आयुष्य होडीच्या नाकाला कुंकू लावून काठावर उभं राहण्यात गेलेलं. लेकीला पाण्यावर बघून ती त्या दिवशी पदर तोंडाला लावून रडली होती, आनंदाने. म्हणून बक्षिसाला कुणी नावं ठेवली की ती गप्प बसे, पण मनातून तिला ते पटत नसे.

मागच्या वर्षी मात्र एक झालं. पियुषची होडी पहिली आली. त्याने तिचं नाक मागे वळवायला घेतलंही होतं, तेवढ्यात कर्ण्यावरून त्याचं नाव पुकारलं. बक्षीस द्यायला आलेल्या पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचं होतं. हितेंद्रनेच काठावरून हाक मारली, चल, फोटो काढायचेत. आबांना दगडावरून उठवून स्टेजवर खुर्ची दिली होती, अंगावर शाल. नारळ पाहुण्यांनी फोडला. आणि मागे, वळणावरच्या जलपर्णीत, वना भोई अडकून पडला होता. आबांच्या वयाचा, आबांचा जन्माचा जोडीदार. वल्हं मोडलेलं, जोडीला कोवळा नातू. दिवस कलल्यावर म्हशी धुणाऱ्या एकाने ओरडून सांगितलं तेव्हा कुठे लोकांना आठवण झाली. वनाला काही झालं नाही. पण तेव्हापासून आबांनी शर्यतीचं नाव काढलं नव्हतं. या दिवाळीत पुखराजशेठच्या मुलाने मिलचं नाव लिहिलेली ही भगवी होडी पियुषला दिली, तेव्हा सगळं बाहेर आलं. "हे होडी पुढेच पाहते," आबा म्हणाले होते. "मागचं हिले दिसत नाही." पियुष म्हणाला, तुम्हाला पैशाचा राग आहे का माझा, ते एकदा ठरवा. पाडव्याचा दिवस होता तो. तेव्हापासून दोघांत अबोला.

आणि आबांना बसल्या जागेवरून उठताना पियुषचा खांदा लागायचा, तोही तेव्हापासून बंद. आता ते काठीवर भार देत, दोनदा खाली बसत, तिसऱ्यांदा उठायचे. कुणी हात पुढे केला तर झिडकारायचे.

तुरीच्या काड्यांच्या जाळावर वांगी तडतडू लागली तेव्हा अक्काने कारभार हातात घेतला. अक्काला भांडण नको असतं असं नाही, पण भांडण जेवणाआधी झालेलं तिला खपत नाही. बडगी म्हणजे लाकडाची खोल डोणी. तिच्यात भाजलेली वांगी, मिरच्या, लसूण घालून ती मुसळाने ठेचायला बसली.

"वना, तू कांद्याची पात चीर," ती म्हणाली. "आणि सांग, तुले काय वाटते. बक्षिसानं चांगलं झालं का वाईट? हे आपलं घर तर दोन फळ्या झालं."

भरिताला बोलावलेला वना बांधाच्या पायरीवर बसला होता. पात चिरता चिरता म्हणाला, "मले काय विचारता अक्का. माझं पोरगं सुरतहून आलं, त्या बक्षिसापायीच. पाच वर्सांत त्यानं होडीले हात नव्हता लावला. पैसा चांगलाच."

"असं?" अक्काला हे अपेक्षित नव्हतं. आबांनाही नसावं; त्यांनी मान वर केली.

"तुले तर पाण्यात टाकून आले व्हते ना रे," अक्का म्हणाली.

"आले व्हते." वनाने पातीची जुडी बाजूला सारली. "वाईट त्याचं वाटलं. पैशाचं नाही. पैसा तढी काठावर ठेवलेला व्हता, तो कुढी पळून जात व्हता? नारळ थांबवला असता तर झालं असतं. आबा दगडावर असते तर थांबवला असता."

"तेच तर मी सांगतोय," हितेंद्र मध्ये पडला. "बक्षीस बंद करून काय मिळणार आहे? मयुरीची शर्यतही बंद."

"बंद कोन म्हणे?" अक्का म्हणाली. "लीलाधर म्हणे का? लीलाधर, तू म्हणतो का बंद करा?"

"मी काहीच नाही म्हणत," आबा म्हणाले.

"मग होडी काब्रं फोडली?"

"अक्का, वांगी जळू राह्यली."

मयुरी इतका वेळ भाकरी थापत होती. ती एरवी बक्षिसाच्या बाजूची, म्हणजे पर्यायाने पियुषच्या. पण आता ती हळूच म्हणाली, "आबांनी फोडली असं मला नाही वाटत." तिला कुणी कारण विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर तिच्याकडे ते नव्हतं. मोहिनीने मात्र लेकीकडे वळून बघितलं.

पानं मांडायची वेळ झाली तेव्हा रोनकची गाडी बांधावर आली. पुखराजशेठचा हा धाकटा मुलगा बोलायला गोड आणि कामाला चोख. आल्या आल्या आबांच्या पाया पडला, अक्काच्या पडला. मोहिनीला म्हणाला, "वहिनी, मला कांदा-लसूण नको, पण तुमच्या हातचा ठेचलेला पेरू चालेल." सगळे हसले. मग त्याची नजर गाळातल्या होडीवर गेली आणि हसू कमी झालं.

हितेंद्रने त्याला सांगितलं. पाडव्याचं भांडण वगळून सांगायचा प्रयत्न केला, पण रोनकला ते आधीच माहीत होतं. गावात कुठली गोष्ट लपून राहते.

"होडीचं काही नाही हो," तो म्हणाला. "दुसरी येईल, पुढच्या वर्षी. यंदा आता पोचणार नाही. पण प्रश्न वेगळा आहे, हितेंद्रभाऊ." तो क्षणभर थांबला. "शर्यतीच्या कमिटीतल्या लोकांच्या कानावर हे गेलं तर काय म्हणतील? यंदा आबाजी परत घाटाच्या दगडावर बसणार, असं आपण ठरवलं होतं. मीच सगळ्यांना राजी केलं होतं. आता लोक म्हणतील, जो माणूस बक्षिसाची होडी फोडतो त्याच्या हातात नारळ कसा द्यायचा?"

रोनक खोटं बोलत नव्हता. मोहिनीचे हात पानं पुसता पुसता थांबले. त्या दगडावर आबांच्या आधी त्यांचे वडील बसले होते, आणि त्यांच्या आधी त्यांचे. मागच्या वर्षीची ती शाल आबांनी घरी येऊन ट्रंकेत टाकली ती पुन्हा काढली नव्हती. आज जर दगड गेला तर तो परत येणार नव्हता, हे तिला लख्ख दिसत होतं.

"आबाजी, तुम्ही फक्त सांगा," रोनक म्हणाला. "रागाच्या भरात झालं, चुकलं, एवढंच म्हणा. मी कमिटीला सांभाळतो."

"रागाच्या भरात नाही केलं," आबा म्हणाले.

"मग कशासाठी केलं?"

आबांनी पुन्हा तोंड नदीकडे फिरवलं. अक्का मुसळ हातात धरून भावाकडे बघत राहिली. तिलाही आता राग येत होता. "लीलाधर, बोल ना रे भाऊ. तोंड शे ना तुले?" रागावली की तिच्या बोलण्यात एरंडोलचं हे 'शे' यायचं आणि एरवी पोरं तिला त्यावरून चिडवत. आज कुणी चिडवलं नाही.

मोहिनी रिकामी बडगी उचलून धुवायला नदीवर गेली. तिला तिथे बसवेना.

सकाळी भगवी होडी लवंडून तिच्यातले दगड जिथे पाडले होते, तिथेच ती पाण्यात उतरली. गुडघाभर पाणी, खाली गाळ. पाय टेकला तर खाली टणक लागेल अशी तयारी होती, आणि पायाला लागलं मऊ. तिने हात घालून ते वर ओढलं. दगडच होता, चांगला नारळाएवढा, पण कापडात गुंडाळलेला आणि वरून सुतळीने बांधलेला. चिखल धुतला तसं लाल-हिरवं कापड दिसू लागलं. तिने दुसरा काढला. तोही तसाच. तिसरा.

ती तिचीच गोधडी होती. गेले आठ दिवस ती घरभर शोधत होती. मयुरीला दोनदा बोलली होती, होस्टेलला नेऊन टाकली असशील म्हणून. कुणीतरी तिचे सरळ पट्टे फाडले होते आणि एकेक दगड त्यात असा गुंडाळला होता की कुठे टोक बाहेर राहू नये. नव्या होडीच्या रंगाला ओरखडा येऊ नये म्हणून.

मोहिनी तशीच पाण्यात उभी राहिली. शेजारी लाकडाची होडी अजून बुडालेलीच होती, भांडणाच्या भरात ती काढायची राहून गेली होती. तिच्यातले दगड उघडे होते, नेहमीसारखे.

मग तिला सगळं कळलं. नातवाशी बोलायचं नाही, त्याच्या होडीचं नाव काढायचं नाही, हे सगळं ठीक. पण घरातली होडी न बुडवता पाण्यात जाणार आणि पोरगं मध्यधारेत गळक्या होडीत बसणार, हे आबांना सहन झालं नव्हतं. ते एकटे आले असतील दुपारचे, सगळे केळीच्या काढणीत असताना. ओढत आणली असेल ती होडी. ती बुडेना तेव्हा आणखी दगड, आणखी दगड. या वयात.

आणि म्हणूनच ते बोलत नव्हते. मोहिनीला सासरा पुरता ओळखीचा होता. मळ्यात ठिबक आलं तेव्हा त्यांनी महिनाभर कुणाला एक शब्द विचारला नाही; शेजारच्या मळ्यांतून हिंडून, बघून आले आणि मग जन्मापासून येत असल्यासारखे नळ्या जोडायला बसले. हा माणूस 'मला माहीत नव्हतं' असं म्हणेल? तेही होडीच्या बाबतीत, वनासमोर, रोनकसमोर? लोकांनी दुष्ट म्हटलं तर म्हणू देत. पण लीलाधर आबाला होडी कळत नाही, असं धामणतीरच्या घाटावर कुणी म्हणायला नको. त्यासाठी ते घाटाचा दगडही सोडायला तयार होते. वेडे आहेत, तिला वाटलं, आणि तिचे डोळे भरून आले.

जाऊन सगळ्यांना सांगावं? सांगितलं असतं तर आबा वाचले असते आणि त्याच वेळी मेल्याहून मेल्यासारखे झाले असते. ती एक गुंडाळलेला दगड पदराखाली घेऊन केळीच्या ओळींत शिरली.

पियुष पाटाच्या कडेला बसला होता. पाय कोरडे झाले होते, राग नव्हता झाला. "मला जेवायचं नाही," तो म्हणाला.

"कुणी बोलावलंय जेवायला. हे बघ."

त्याने दगड हातात घेतला, फिरवून बघितला. "काय आहे?"

"माझी गोधडी. तुझ्या होडीतला दगड. सगळे असेच आहेत. लाकडाच्या होडीतले नाहीत."

त्याला लगेच कळलं नाही. मग तो सुतळीच्या गाठीकडे बघायला लागला. ती गाठ त्याच्या ओळखीची होती. लहानपणी त्यालाच शिकवलेली, होडी बांधायची. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"आबांना वाटलं ती लाकडासारखी..." तो म्हणाला.

"हो."

"अगं पण मग सांगायचं ना. मी एवढं बोललो. सगळ्यांसमोर बोललो. एकदा म्हणायचं ना, की मला..." आणि तिथेच तो थांबला. तोही याच घरचा होता. "नाही म्हणणार," तो स्वतःशीच म्हणाला.

"रोनक म्हणतोय, दगडावर बसू नका. आणि आबा हो म्हणतील आता. मी काही सांगत नाहीये तुला काय करायचं ते," मोहिनी म्हणाली. "मला फक्त एकटीला हे ठेववेना."

पियुष बराच वेळ सुतळी सोडवत बसला. मग विचारलं, "वना आजोबा आहेत अजून?"

"आहेत. पात चिरतायत."

"मागच्या वर्षी मी वळलो होतो मम्मी. नाक वळवलं होतं मी होडीचं. पप्पांनी हाक मारली आणि..." त्याने मान हलवली. "हाक मारली तरी जाता आलं असतं."

ती दोघं परत आली तेव्हा पानं वाढून झाली होती आणि कुणी घास उचलला नव्हता. आबा रोनकला सांगत होते, "नाही बसत मी दगडावर. तुमच्या पाहुन्याले सांगा, नारळ तेच फोडतीन. विषय संपला."

"आबाजी, माझी तशी इच्छा नव्हती हो," रोनक म्हणाला, आणि ते खरं होतं.

"रोनकभाऊ," पियुष म्हणाला, "एक सांगायचं राहिलं. होडी मीच बुडवायला सांगितली होती आबांना."

हितेंद्रने चमकून लेकाकडे बघितलं. "तू?"

"हो. आबा नको म्हणत होते. मी म्हटलं, आपल्याकडे पौर्णिमेआधी होडी बुडवतात ना, मग हिलाही बुडवा. ती वर यायला लागली तर अजून दगड टाका म्हटलं. मला काय माहीत ती फुटेल."

"फायबरची होडी बुडवायला सांगितली?" रोनक म्हणाला. त्याला हसू आवरेना. "अरे इंजिनिअर ना तू? पाइपाच्या कंपनीत बसतोस ना?"

"बसतो," पियुष म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "मघाशी आबांवर ढकललं मी. लाज वाटली म्हणून."

"काय म्हणावं ह्याले," अक्का म्हणाली आणि मुसळ खाली ठेवून हसायला लागली. "येडा शे का रे तू?" वनाही हसला, पण तो पियुषकडे बघून नव्हता हसत, तो आबांकडे बघत होता, आणि त्याने लगेच पुन्हा पातीत मान घातली. मयुरीने आईकडे बघितलं. मोहिनीने नदीवरून आणलेली बडगी जरा सरकवून पदराखालून निसटलेल्या गोधडीच्या पट्ट्यावर ठेवली.

"मग दगडावर कोन बसते, तेवढं सांग बाबू," अक्काने रोनकला विचारलं.

"आबाजीच. दुसरं कोण?" रोनकने हात जोडले. "पण पियुष, यंदा तुला होडी नाही मिळायची. लाकडाची घेऊन धुळ्याच्या पोरांपुढे काय टिकणार तू?"

"नाही टिकलो तर शेवटी येईन. मग कुणीतरी येईलच घ्यायला." तो खाली बसला. "आणि बक्षीस राहू द्या तसंच. मयुरीचंही. पण वाटायचं ते शेवटची होडी घाटाला लागल्यावर. आधी नाही."

"पाहुण्यांना वेळ नसतो रे."

"मंग वेळ असलेला पाहुना पाहा," वना म्हणाला. "मी काही घाई करणारा नाही, आताच सांगून ठेवतो."

रोनकने हसत मान डोलावली, म्हणाला बघतो, आणि पेरू मागितला. हितेंद्र अजून लेकाकडे बघत होता; त्याला काहीतरी जुळत नव्हतं, पण त्याने विचारलं नाही, आणि मोहिनीला त्यासाठी नवरा त्या दिवशी फार आवडला.

आबा इतका वेळ पियुषकडेच बघत होते. त्यांची हनुवटी जराशी हलली.

"येवढा शिकला तू," ते शेवटी म्हणाले. "फायबरची होडी कोनी बुडवते का रे?"

"मला कुठे माहीत आबा," पियुष म्हणाला. "आता कळलं."

"हं." आबांनी घसा साफ केला. "होडीतलं कळत नसलं तर विचारावं मानसानं. त्यात काय लाज हाये."

"हो आबा."

आबांनी काठी पानाशेजारी आडवी ठेवली आणि हात वर केला. पियुष वाकला. त्याच्या खांद्यावर सगळा भार टाकून आबा एका दमात उठले, आणि उठल्यावरही हात तिथेच राहिला.

"चाल," ते म्हणाले. "आपली पाण्यातच राह्यली. आतापावेतो फुगली असीन."